मधल्या थांब्याचे गणित

मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रेलियात स्थिरावली की सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडच्या घरांतून आईवडिलांचे तिकडे जाणे-येणे सुरू होते. कधी निमित्त बाळंतपणाचे असते, कधी नव्या घराचे. तिकीट अनेकदा सिंगापूरमार्गे निघते आणि मध्ये आठ-नऊ तासांचा थांबा पडतो. मुले उत्साहाने म्हणतात, “एवढा वेळ आहे, सिंगापूर पाहून घ्या.” आईवडिलांच्या मनात मात्र एकच धास्ती असते, की पुढचे विमान चुकले तर काय? परिणामी काही जण घड्याळ न पाहता शहरात हिंडतात, तर काही जण नऊ तास एकाच खुर्चीत पिशव्या कवटाळून बसतात. दोन्ही टोके टाळता येतात. त्यासाठी हाती असलेल्या वेळाचे खरे गणित मांडावे लागते.

हे गणित वजाबाकीचे आहे. समजा, विमान सकाळी आठला सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरले आणि पुढचे विमान सायंकाळी पाचला आहे. कागदावर नऊ तास दिसतात. विमानातून बाहेर पडणे, चालणे आणि पारपत्र तपासणी यांत एक तास जातो. शहरात जाण्या-येण्यास दीड तास धरावा. निघण्यापूर्वी अडीच तास विमानतळावर परत असावे. उरतात चार तास. यातून जेवणाचा आणि विसाव्याचा वेळ काढला, तर फिरण्यासाठी जेमतेम अडीच तास हाती राहतात. म्हणून सहा तासांपेक्षा कमी थांबा असेल, तर ज्येष्ठांनी शहराचा विचारच करू नये. शिवाय सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असते. हातातले घड्याळ विमानातच जुळवून घ्यावे. गफलत बहुधा तिथेच होते.

दुसरा प्रश्न परवानगीचा. एकाच तिकिटावर प्रवास करणारा आणि विमानतळाच्या आतल्या भागातच राहणारा भारतीय प्रवासी सिंगापूरच्या व्हिसाविना पुढचे विमान धरू शकतो. बाहेर पाऊल टाकायचे तर व्हिसा लागतो. मात्र ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांचा वैध व्हिसा जवळ असलेल्या भारतीयांसाठी ९६ तासांपर्यंत विनाव्हिसा थांबण्याची सवलत आहे. तिला अटी आहेत, त्या बदलतात आणि अंतिम निर्णय तपासणी अधिकाऱ्याचा असतो. त्यामुळे प्रवासाच्या आठवड्यात सिंगापूर सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचून घ्यावेत. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पारपत्रावर चिकटवलेला नसतो, तो संगणकीय असतो. म्हणून मंजुरीच्या पत्राची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी. बाहेर पडणाऱ्याला आगमनाचा अर्ज आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत संगणकावर भरावा लागतो. तो विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही, असे खुशाल समजावे.

सामानाची चौकशी मुंबईच्या काउंटरवरच करावी. बॅगेच्या चिठ्ठीवर अखेरच्या गावाचा संकेत असेल, तर बॅग परस्पर पुढे जाते. दोन्ही विमानांची तिकिटे स्वतंत्र काढली असतील, तर मात्र बॅग मध्येच उतरवून घेण्याची वेळ येऊ शकते. तसे झाल्यास सामानासाठी बाहेर पडावे लागते आणि मग व्हिसाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. चार पैसे वाचवण्यासाठी मुलांनी आईवडिलांची तिकिटे तोडून काढू नयेत, ते यासाठीच.

बाहेर न जाण्याचे ठरले, तरी वेळ वाया जातो असे नाही. १९८१ साली सुरू झालेल्या या विमानतळाने प्रवाशाचा मधला वेळ सुखाचा व्हावा, याचा विशेष विचार केला आहे. पहिल्या टर्मिनलच्या गच्चीवर निवडुंगांची बाग आहे, दुसऱ्यावर सूर्यफुलांची आणि तिसऱ्यात दुमजली फुलपाखरांची. तिन्ही आतल्या भागात असल्याने त्यांना व्हिसा लागत नाही आणि प्रवेशमूल्यही नाही. मोशे साफ्दी या वास्तुविशारदाने रचलेली, २०१९ मध्ये खुली झालेली ‘ज्वेल’ ही काचेची वास्तू आणि तिच्यातील ४० मीटर उंचीचा धबधबा मात्र तपासणीच्या पलीकडे आहे. तरीही निराश होण्याचे कारण नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलमधली छोटी गाडी त्या वास्तूतूनच जाते. आतल्या भागातील प्रवाशालाही गाडीच्या काचेतून तो धबधबा पाहता येतो.

ज्यांना बाहेर पडता येते, त्यांच्यासाठी विमानतळच सुमारे अडीच तासांच्या विनामूल्य सहली चालवतो. थांबा साडेपाच तासांहून अधिक आणि २४ तासांहून कमी असावा, तसेच प्रवेशाची कागदपत्रे पूर्ण असावीत. सोबतीला वाटाड्या असतो आणि बस विमानतळावरच परत आणून सोडते. एकटे निघालेल्या ज्येष्ठ दांपत्यासाठी याहून निर्धास्त मार्ग नाही. स्वतंत्रपणे जाणाऱ्याने एकच ठिकाण निवडावे. ‘लिटल इंडिया’ भागातील सेरंगून रस्त्यावर फुलांचे हार विकणारी दुकाने आहेत, देवळे आहेत आणि १९४७ पासून चालू असलेले ‘कोमला विलास’ हे शाकाहारी उपाहारगृहही आहे.

आहाराचा प्रश्न जैन कुटुंबांना सर्वांत आधी पडतो. विमानात ‘व्हीजेएमएल’ या संकेताने जैन भोजन मागता येते. मागणी किमान २४ तास आधी नोंदवावी आणि दोन्ही विमानांसाठी स्वतंत्रपणे तपासावी, कारण पहिल्यात नोंद असून दुसऱ्यात नसण्याचा प्रसंग येऊ शकतो. सिंगापुरात ‘व्हेजिटेरियन’ ही पाटी पाहून मात्र निश्चिंत होऊ नये. चिनी बौद्ध परंपरेच्या शाकाहारी भोजनालयांत कांदा-लसूण टाळतात, परंतु गाजर, मुळा आणि अळिंबी सर्रास वापरतात. अन्यत्र शाकाहारी पदार्थातही अंडे असू शकते. काय चालत नाही, ते एकेक पदार्थाचे नाव घेऊन सांगावे. घरचा खाकरा, दशम्या, चुरमुरे, मनुका जवळ असल्या की ही चिंता निम्मी होते.

चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी निकट असल्याने तिथे सूर्यास्त वर्षभर सायंकाळी सातच्या सुमारास होतो. आपल्याकडे तेव्हा साडेचार वाजलेले असतात आणि पोटाला रात्रीच्या जेवणाची आठवणही नसते. पाचच्या विमानाने पूर्वेकडे सरकताना अंधार आणखी लवकर पडतो आणि जेवण येईपर्यंत सूर्यास्त टळून गेलेला असू शकतो. म्हणून दुपारी विमानतळावरच नीट जेवून घ्यावे. उरलेला शिधा ऑस्ट्रेलियात उतरताना अर्जावर अवश्य जाहीर करावा. तिथे खाद्यपदार्थांचे नियम कडक आहेत. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो. ताजी फळे उतरण्यापूर्वीच संपवावीत.

शेवटचा टप्पा गेटचा. चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलांत सुरक्षा तपासणी गेटपाशी होते, त्यामुळे ऐन वेळी तिथे रांग लागते. शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतले पाणी तिथे सोडावे लागते. लोणचे आणि तूपही द्रवातच मोजले जाते. व्हीलचेअरची सोय मागितली असेल, तर पुन्हा कुठे व किती वाजता यायचे, ते सहायकाकडून कागदावर लिहून घ्यावे. औषधे हातातल्या पिशवीत असावीत आणि घड्याळ बदलल्यावर ती कोणत्या वेळी घ्यायची, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

एवढी तयारी झाली की थांबा ओझे राहत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक करावी, तासभर पाय लांब करून पडावे, फुलपाखरांच्या बागेत निवांत बसावे. यांपैकी काहीही वेळेचा अपव्यय नव्हे. शहर पाहिले नाही म्हणून काही हुकले, असे मानण्याचे कारण नाही. विमानतळाच्या दाराशी जे नातवंड वाट पाहत उभे असते, त्याला आजी-आजोबा ताजेतवाने भेटावेत, एवढ्यासाठीच तर हा सारा प्रवास असतो. मुलांनी तिकिटासोबत हे वजाबाकीचे गणितही कागदावर मांडून आईवडिलांच्या हाती द्यावे.