एका यंत्रांत दोन संसार

‘कोबो’ या वाचनयंत्राच्या पोटांत लिनक्स ही प्रणाली आहे. म्हणूनच कंपनीच्या मूळ व्यवस्थेस धक्का न लावितां तिच्या शेजारीं ‘केओरीडर’ ही विनामूल्य व खुली आज्ञावली नांदूं शकते. सूनबाई घरांत आली म्हणून सासूबाईंस घर सोडावें लागत नाहीं, तसेंच हें! केओरीडरमधून बाहेर पडतांच मूळ व्यवस्था पुन्हां हजर होते. जुन्या मराठी ग्रंथांच्या छायाप्रतींतील समास कापून व ओळी नव्यानें मांडून ही आज्ञावली अक्षरें मोठीं करिते. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांस हा केवढा आधार! मात्र ती बसविण्यापूर्वी पुस्तकांच्या व टिपणांच्या प्रती काढून ठेवाव्या. कारण कांहीं बिघडून यंत्र मूळ स्थितीस न्यावें लागल्यास सारें पुसलें जातें. एवढी काळजी घेणाऱ्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा, असें आम्ही सुचवितों.