आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स कार्ड

सोयाबीन विकलं गेलं की जाफराबादेत घरोघरी अडलेल्या खरेद्या निघतात. कुणाचं पत्र्याचं शेड, कुणाची मोटारसायकल. अलीकडे त्यात गेमिंग पीसीची भर पडली आहे. आमच्या गल्लीतला बारावीचा मुलगा मध्यंतरी वडिलांना घेऊन आला. हातात एका दुकानाचं कोटेशन: आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. आकडा पस्तीस हजारांच्या आत. पैसे पाण्यात तर जाणार नाहीत ना, एवढंच वडिलांना विचारायचं होतं.

कागदावर खोटं काही नव्हतं, तरी मी नको म्हणालो.

आय-सेव्हन होता, पण तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२चा. बोर्ड नवा कोरा, पण त्यावरचा चिपसेट एच-६१, तो २०११चा. २०२२ साली भारतात आलेला साधा आय-थ्री १२१०० घ्या; कोअर तेवढेच चार, पण कामात तो या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. 'चार जीबी कार्ड' म्हणजे जीटी ७३०, २०१४चं. जीटीएक्स १६५० हेही चार जीबीचंच, पण दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. गोदाम किती मोठं यापेक्षा माल हलवणारे हात किती, हे बघायला हवं. शिवाय विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. 'व्हॅलोरंट'सारखा गेम तर विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय सुरूच होत नाही. पोरगं ज्या गेमसाठी हट्ट धरून बसलं होतं, तोच या मशीनवर अडला असता.

आमच्याकडच्या बजेटला मला एकच रस्ता पटतो: कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह बघायचा, आणि चपटा डबा न घेता उभा टॉवर घ्यायचा, कारण चपट्यात बुटकंच कार्ड बसतं. त्यात जीटीएक्स १६५० टाकायचं. बोर्डाचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो आणि या कार्डाची बरीच मॉडेल्स तेवढ्यावर भागवतात, वेगळी वायर लागत नाही. ऑफिसच्या मशीनचा पॉवर सप्लाय लहान असतो, म्हणून हे महत्त्वाचं. मर्यादाही सांगतो: त्या सप्लायचा आकार आणि पिना कंपनीच्या स्वतःच्या असतात, त्यामुळे पुढे मोठं कार्ड टाकायचं तर अडचण येते.

हात थोडा सैल असेल तर नवं जुळवावं. रायझन ५ ५६००जी घेतला तर ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं, कार्ड पुढच्या हंगामावर टाकता येतं. मात्र रॅमची सोळाची एक पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं, आणि दोन पट्ट्या असल्या की वाट दुप्पट रुंद होते. एका पट्टीवर अडखळणारा गेम दोन पट्ट्यांवर चांगला चालताना मी पाहिला आहे. सध्या रॅमचे भाव चढलेत, कारण एआयच्या सर्व्हरांना मेमरी प्रचंड लागते. म्हणून आज तरी जुन्या मशीनचं पारडं जड आहे.

पण या सगळ्याआधी विजेचं बघा. कोटेशनमध्ये हा विषय कधीच नसतो आणि आमच्या भागात मशीन मरतात ती बहुतेक इथेच. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावा. झिणझिण्या आल्या तर बोर्डातली तिसरी पिन नावालाच आहे, अर्थिंग नाही. आमच्या गल्लीतल्या त्या घरी तेच निघालं. इलेक्ट्रिशियनने अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरला, तांब्याची पट्टी टाकली आणि वायर थेट बोर्डापर्यंत आणली. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. मग यूपीएस. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅट सांभाळतो. आपलं मशीन खेळताना दीडशेच्या आसपास घेतं. रोज तीन तास धरले तर महिन्याला साडेतेरा युनिट, वडिलांना हा हिशेब लगेच पटला. आणि मळणीच्या दिवसांत काळ्या मातीची धूळ पंख्यात बसते, तेव्हा ब्लोअर मारायला विसरू नका.

"काका, यावर जीटीए चालन ना?" पोराने विचारलं. चालेल. पण 'जीटीए ५' शंभर जीबीच्या आसपास आहे. रोज दोन जीबीच्या मोबाइल रिचार्जवर उतरवायला दीड महिन्याच्या वर लागेल. फायबर नसेल तर जालन्याला किंवा संभाजीनगरला कुणाकडे बसून, आपल्याच खात्यावर उतरवून, हार्ड डिस्कवर आणणं परवडतं.

वडिलांच्या मनात भीती होती ती रमीसारख्या पैशांच्या खेळांची. ती रास्तच आहे, आणि तसे ऑनलाइन खेळ २०२५च्या ऑगस्टमधल्या केंद्रीय कायद्याने बंदही केले. पण तो धंदा प्रामुख्याने मोबाइलवर चालायचा. टेबलावरचं मशीन घरातल्या सगळ्यांसमोर असतं आणि त्यावर खेळ नुसते खेळता येतात असं नाही, बनवताही येतात. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२०चा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. तो ज्या अनरियल इंजिनवर उभा राहिला ते शिकणाऱ्याला फुकट उतरवून घेता येतं. ग्रामीण भागातल्या पोराच्या हातात असं मशीन यावं, असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं खोलात सांगतो आहे.

जुनं कार्ड घेणार असाल तर शेवटचं एक. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि त्यात रात्रंदिवस तापलेली कार्डं, विशेषतः आरएक्स ५८०, जुन्या बाजारात उतरली. पैसे मोजण्याआधी विकणाऱ्यासमोर अर्धा तास एखादा जड गेम चालवा, तापमान किती चढतं बघा, पंख्यांचा आवाज ऐका, पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का ते पाहा. विकणारा चालवून दाखवायला तयार नसेल, तर किती का स्वस्त असेना, उठून या.