जुन्या मोटारीच्या खासगी विक्रीत किंमत मिळणे आणि मालकी बदलणे यांची सांगड घालण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : वापरलेल्या मोटारीच्या खासगी विक्रीत विक्रेत्याला किंमत सुरक्षितपणे मिळावी यासाठी मालकी हस्तांतराच्या कार्यपद्धतीत सुधारणा करण्याबाबत.

महोदय,

राज्यातील जे नागरिक आपली जुनी मोटार एखाद्या पेढीला न देता थेट दुसऱ्या व्यक्तीला विकतात, त्यांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे. अशा व्यवहारात गाडी, कागद आणि पैसा या तीन गोष्टींची देवघेव होते. त्यांपैकी कागदांची व्यवस्था कायद्याने बारकाईने लावून दिली आहे, गाडीचा ताबा समोरासमोर दिला-घेतला जातो, पैसा मात्र दोन अनोळखी माणसांच्या परस्परविश्वासावर सोडून दिलेला आहे. किंमत पदरात पडण्यापूर्वीच विक्रेत्याला सह्या करू देणारी आणि सह्या झाल्यानंतरही त्याच्या डोक्यावरची जबाबदारी कायम ठेवणारी ही पद्धत विभागाने बदलावी, हे निवेदनकर्त्यांचे मुख्य म्हणणे आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार, वाहन त्याच राज्यात विकले गेल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतराची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची असते. त्यासाठी नमुना २९, म्हणजे हस्तांतराची सूचना, आणि नमुना ३०, म्हणजे मालकी बदलाचा अर्ज, असे दोन कागद भरावे लागतात व व्यवहारात या जोडीला ‘टीटी फॉर्म’ म्हटले जाते. नमुना २९ मध्ये विक्रेता गाडी विकून ताब्यात दिल्याचे जाहीर करतो. ठरलेली रक्कम त्याला मिळाली की नाही, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. त्यातही आरटीओ कार्यालयाभोवती रुळलेली रीत अशी की, कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून ते खरेदीदाराच्या किंवा एजंटाच्या हाती द्यायचे आणि ‘गाडी नावावर होईल’ या आश्वासनावर निश्चिंत व्हायचे. कोरा सही केलेला फॉर्म हा कोरा सही केलेला चेकच आहे, फरक इतकाच की चेक बँकेला कळवून थांबवता येतो.

या निश्चिंतीला कायद्याचा आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने वाहनाचा मालक असून, गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. वाहतूक पोलिसांची ई-चलनेही त्याच्याच नावे निघत राहतात. म्हणजे ज्या विक्रेत्याला अर्धीच रक्कम मिळाली आहे, त्याची गाडी गेलेली असते, पैसा आलेला नसतो आणि जबाबदारी मात्र जागच्या जागी असते.

मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये किंमत न मिळालेल्या विक्रेत्याला धारणाधिकार, म्हणजे पैसे मिळेपर्यंत माल स्वतःकडे ठेवून घेण्याचा हक्क, दिलेला आहे. परंतु हा हक्क माल विक्रेत्याच्या ताब्यात असेपर्यंतच टिकतो आणि ताबा खरेदीदाराकडे रीतसर गेला की संपतो. किल्ली दिल्यानंतर उरतो तो दिवाणी दावा, आणि तो किती वर्षे चालेल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून किल्ली, आरसी व सह्या देण्याचा क्षण आणि रक्कम खात्यात निर्विवादपणे जमा होण्याचा क्षण यांत अंतर राहू न देणे, हाच विक्रेत्याच्या संरक्षणाचा खरा मार्ग आहे.

हे अंतर साधून केली जाणारी फसवणूक अनेक रूपांची असते. सैन्यदलातील जवान असल्याची बतावणी करून विसाराची रक्कम पाठवण्याच्या निमित्ताने क्यूआर कोड स्कॅन करायला लावणे हा सर्वपरिचित प्रकार आहे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढे एकच वाक्य ठाऊक असते तर यात फसलेले बरेच लोक वाचले असते. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट किंवा बँकेच्या संदेशासारखा दिसणारा खोटा एसएमएस हा त्याचाच दुसरा अवतार होय. तिसरा प्रकार अधिक कावेबाज आहे : भामटा मूळ जाहिरात उचलून कमी किमतीत स्वतःच्या नावे लावतो, विक्रेत्याला सांगतो की गाडी पाहायला येणारा आपला मेहुणा आहे, त्याच्यापुढे किंमत काढू नये, आणि खरेदीदाराला सांगतो की गाडी दाखवणारा आपलाच माणूस आहे, दोघेही सद्हेतूने एकमेकांसमोर उभे असतात आणि पैसा तिसऱ्याच्याच खात्यात जातो. यातून पुढे होणाऱ्या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या असतात, हीच त्यातली अडचण आहे.

आणखी एका धोक्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रक्कम खात्यात खरोखर जमा झाली, पण ती खरेदीदाराऐवजी भलत्याच व्यक्तीच्या खात्यातून आली, तर ती दुसऱ्या कुणाची तरी सायबर फसवणूक करून मिळवलेली असू शकते. त्या पीडिताने १९३० या मदतक्रमांकावर तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस विक्रेत्याची रक्कम गोठवतात, आणि तोपर्यंत गाडी परजिल्ह्यात पोहोचलेली असते. त्यामुळे पैसे आले की नाही, याइतकेच ते कोणाच्या नावाच्या खात्यातून आले हेही महत्त्वाचे ठरते.

पैसे देण्याची सुरक्षित साधने उपलब्ध नाहीत, असे मात्र नाही. यूपीआयवर व्यक्तीकडून व्यक्तीला एका दिवसात सामान्यतः १ लाख रुपयांपर्यंतच रक्कम पाठवता येते, त्यामुळे मोटारीसाठी ते साधन विसारापुरतेच उपयोगी पडते. २ लाख व त्याहून अधिक रकमेसाठी असलेली आरटीजीएस सेवा १४ डिसेंबर २०२० पासून, आणि एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून, वर्षभर चोवीस तास चालू आहे. ‘आज रविवार आहे, बँक उघडली की पैसे टाकतो’ या सबबीत म्हणूनच आता तथ्य उरलेले नाही. खरी अडचण वेगळी आहे : नव्याने जोडलेल्या खात्यावर सुरुवातीच्या काळात मोठी रक्कम पाठवण्यास अनेक बँका मर्यादा घालतात, त्यामुळे प्रामाणिक खरेदीदारही ऐन वेळी अडतो. विक्रेत्याचे खाते आदल्या दिवशी जोडून एक रुपया पाठवून पाहिल्यास ही अडचण दूर होते व खातेदाराच्या नावाची खातरजमाही होते. चेकची गोष्ट निराळी. वटेपर्यंत चेक हे केवळ वचन असते, आणि न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस व फिर्याद करता येत असली तरी गाडी त्यामुळे परत येत नाही. डिमांड ड्राफ्टही बनावट निघू शकतो, म्हणून तो देणाऱ्या शाखेत जाऊन पडताळल्याशिवाय स्वीकारण्यात अर्थ नाही. रोखीबाबत, एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून आयकर कायद्याने मनाई केली असून दंड स्वीकारणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा, होतो; अनेक विक्रेत्यांना हे दंडाची नोटीस येईपर्यंत माहीत नसते.

वरील परिस्थितीत निवेदनकर्त्यांची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की, ‘वाहन’ प्रणालीवरील मालकी बदलाच्या अर्जात विक्रेत्याची स्वतंत्र पुष्टी अनिवार्य करावी. ठरलेली किंमत, ती ज्या खात्यातून आली त्याच्या धारकाचे नाव आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने प्रत्येक हस्तांतरणाला दिलेला ओळखक्रमांक, नोंदवल्यावर विक्रेत्याने आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असे मान्य केल्याखेरीज अर्ज पुढे सरकू नये, आणि खातेधारकाचे नाव खरेदीदाराच्या नावाशी जुळत नसल्यास प्रणालीने दोघांनाही सावध करावे. विक्रेता पैसे घेऊनही पुष्टी अडवून धरील, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून खरेदीदाराने बँकेचा उतारा जोडल्यास ठरावीक मुदतीत नोंदणी प्राधिकाऱ्याने सुनावणी घेऊन निर्णय द्यावा. ही प्रणाली केंद्रीय मंत्रालयासाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने उभारलेली असल्याने त्यातील बदलाची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी, परंतु तोवर कार्यालयीन परिपत्रकाने स्वतंत्र घोषणापत्र घेण्यास विभागाला अडचण नसावी.

दुसरी मागणी ताबा दिल्याच्या नोंदीची आहे. जुन्या वाहनांच्या अधिकृत व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत, मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या हवाली केल्याची सूचना नमुना २९सी मध्ये ऑनलाइन देण्याची सोय असून, त्यानंतर गाडीची जबाबदारी व्यापाऱ्याकडे जाते. व्यापाऱ्याला गाडी देणाऱ्याला जे संरक्षण मिळते, ते शेजाऱ्याला गाडी विकणाऱ्याला नाकारण्याचे कारण दिसत नाही. ताब्याची तारीख व वेळ दोन्ही बाजूंच्या ओटीपीने नोंदवली गेल्यास त्यापुढील ई-चलने तरी योग्य व्यक्तीकडे जातील.

कर्जाचा बोजा असलेल्या गाडीबाबत खरेदीदाराची भीती अधिक साधार असते, कारण त्याच्या पैशातून कर्ज फिटेल आणि बँकेच्या सहीचा नमुना ३५ मिळून आरसीवरील बोजा उतरेल, याची हमी त्याला कोणीच देत नाही. अशा व्यवहारात रकमेचा थकीत कर्जाइतका भाग थेट कर्जखात्यात भरावा व उरलेला विक्रेत्याला द्यावा, अशी आदर्श कार्यपद्धती बँकांशी विचारविनिमय करून प्रसिद्ध करावी. त्याच चर्चेत एस्क्रो खात्याचा, म्हणजे रक्कम तिऱ्हाईत बँकेकडे राहून मालकी बदलताच विक्रेत्याला मिळण्याच्या व्यवस्थेचा, प्रायोगिक विचार मुंबई व पुणे येथील कार्यालयांपुरता करावा. घरबांधणीच्या क्षेत्रात ग्राहकांच्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने घातले आहे. इतरांचा पैसा वेगळा राखण्याची कल्पना राज्याला नवी नाही.

कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेणाऱ्या एजंटांवर कारवाई करावी, तसेच पिन, रोखीची मर्यादा, खातेधारकाचे नाव आणि १९३० क्रमांक यांची माहिती देणारे मराठी फलक प्रत्येक परिवहन कार्यालयात लावावेत, ही मागणी अल्पखर्चाची असल्याने तिच्यासाठी केंद्राच्या मंजुरीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.

या मागण्यांवर सविस्तर बाजू मांडण्यासाठी शिष्टमंडळाला वेळ द्यावी आणि निवेदनावर झालेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
निवेदनकर्ते
(खासगी वाहनविक्रेते नागरिक, महाराष्ट्र राज्य)

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. निमंत्रक, राज्यस्तरीय बँकर्स समिती, महाराष्ट्र.