खेळाचे यंत्र तापते, फेकू नका

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा, कॅसेटवाला व्हिडिओ गेम ज्यांनी तासाच्या भाड्याने आणून खेळला, ती पोरे आज आईबाप झाली आहेत. तेच मारिओ आणि पॅकमन आता ‘रास्पबेरी पाय’ या तळहाताएवढ्या संगणकावर ‘रेट्रोपाय’ ही मोफत प्रणाली घालून चालतात. आपल्या वस्त्यांतील होतकरू मुले असे यंत्र स्वतः जुळवतात. पालकहो, त्याला रिकामटेकडेपणा म्हणू नका. त्यात वीज आणि संगणक दोन्हींचे शिक्षण आहे.

मात्र एप्रिल-मे आला की खेळ रखडतो, आवाज फाटतो आणि घरात एकच ओरड होते, “पैसे बुडाले!” बहुतेक वेळा पैसे बुडालेले नसतात. २०१९ साली निघालेल्या चौथ्या मॉडेलची चिप ८० अंशांना पोचली की आपला वेग आपणच कमी करू लागते, ८५ च्या पुढे जाऊ नये म्हणून. हा बिघाड नव्हे, बचाव आहे. बंद प्लास्टिकची डबी आणि वर तापलेला पत्रा, मग दुसरे काय होणार?

उपाय म्हणजे पाच व्होल्टचा छोटा पंखा. तो थेट वीज घेऊन चोवीस तास फिरवता येतो, पण मग धूळ ओढतो, कुरकुरतो आणि लवकर झिजतो. म्हणून गरम झाले की सुरू आणि थंड झाले की बंद, अशी जोडणी करावी.

इथेच मुले घाई करतात आणि पंख्याची वायर सरळ सिग्नलच्या पिनला लावतात. तसे मुळीच करू नये! ती पिन ३.३ व्होल्टची असून जेमतेम १६ मिलिअ‍ॅम्पिअर देऊ शकते. पंख्याला त्याच्या कित्येक पट लागतो. पंखा काही रुपयांचा, पण जळेल ती हजारो रुपयांची पाटी.

मध्ये ट्रान्झिस्टर घालावा. ‘२एन२२२२’ कुठल्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. पंख्याची लाल वायर चार नंबरच्या पिनला, म्हणजे पाच व्होल्टला जोडावी. काळी वायर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटर सहा नंबरच्या पिनला, म्हणजे ग्राउंडला. बेस एक किलोओहमच्या रेझिस्टन्समधून आठ नंबरच्या पिनला. पंख्याच्या दोन वायरींमध्ये एक डायोड टाकावा, त्याचा पट्टा लाल वायरीकडे. ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, तेव्हा दुकानदाराला विचारूनच डाग द्यावा. वीज बंद असल्याशिवाय हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको. हे सारे जमणार नसेल तर तीन वायरींचा तयार पंखाही मिळतो. त्याची लाल वायर चारला, काळी सहाला, निळी आठला. नवशिक्याने तोच घ्यावा, असे माझे मत आहे.

मग ‘रास्पी-कॉन्फिग’ उघडावे. ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’मध्ये ‘फॅन’ निवडावे आणि पिन विचारली की १४ लिहावे. पाटीवरच्या आठव्या पिनचे संगणकाच्या हिशेबातले नाव १४ आहे. या दोन आकड्यांत पुष्कळांची गल्लत होते.

आता तापमान किती ठेवावे? पुष्कळजण ६० ठेवतात. पंखा सुरू होतो त्या आकड्यापेक्षा दहा अंश खाली उतरल्यावर तो थांबतो, म्हणजे ५० ला. परंतु खोलीतच ४२ अंश असतील तर चिप ५० ला उतरणार कधी? पंखा हवा फिरवतो, थंड करत नाही. म्हणून पत्र्याच्या घरात उन्हाळ्यापुरते ७० ठेवावे, तो ६० ला विसावा घेईल. पावसाळ्यात पुन्हा ६० करावे.

डबीला दोन बाजूंनी भोके हवीत, एकीकडून हवा आत, दुसरीकडून बाहेर. नाहीतर पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो. आणि यंत्र टीव्हीच्या मागे कोंबू नये, तिथे टीव्हीचीच धग असते.