भुकेचा काटा आणि मोहाचे झाड

वाचकहो, फराळाच्या ताटाशी भुकेची गोष्ट काढू नये, हे मी जाणतो. पण आपलीच मुले ऐन सणात, तोंडात चिवड्याचा बोकणा भरून, मोबाईलच्या पडद्यावर एका उपाशी माणसाला जगवीत बसलेली असतात. 'सर्व्हायव्हल गेम' म्हणतात त्याला. खेळाला नाके मुरडणाऱ्यांतला मी नव्हे. माझे भांडण आहे ते असले खेळ रचणाऱ्यांशी.

या मंडळींची समजूत अशी की, भुकेचा एक काटा, तहानेचा दुसरा, थंडीचा तिसरा असे काटे वाढवीत नेले की खेळ खरा होतो. अहो, ही तर हजेरीपटाची नोंद झाली! खेळणारा घडोघडी पाणी पितो आणि कंटाळतो. मग झुडुपातून एक वाघ सोडावयाचा, त्याला गोळी घालावयाची आणि याला कथा म्हणावयाचे!

मी लाखांदूरचा. आमच्याकडे वाघ कुणाचा कंटाळा घालवावयास येत नाही. वनखात्याने 'सीटी-१' म्हणून नोंदलेल्या वाघाने वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या भागांत मिळून १३ माणसे मारली. २०२२च्या ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात तो पकडला गेला, तेव्हा कोठे आमच्या जिवात जीव आला.

उन्हाळ्यात मोह गळतो. पहाटे आधी जाईल त्याला फुले अधिक. उजाडल्यावर शेजारीही येतात, आणि हरणांनाही ती आवडतात. पण पहाटे अंधार असतो. वेचणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेला माणूस वाघाला चार पायांचे जनावर भासू शकतो. सोबतीने जावे तर जिवाला धोका कमी, पण फुले वाटली जातात. आता सांगा, यात काटा कोठे आहे? निवड मात्र आहे, आणि तिची किंमत आहे. वाघ एकदाही न दिसता कथा उभी राहते. ओट्यावर कोळशाने आखलेल्या वाघ-बकरीच्या पटाला हे केव्हाच कळले होते. तेथे बकरी वाघाला मारीत नाही. साऱ्या मिळून त्याची वाट अडवितात.

अगदी सारे खरेच हवे, असा माझा हट्ट नाही. कॅनडात रचलेल्या 'द लाँग डार्क' या खेळाचे कर्ते आरंभीच सांगून टाकतात की, आमचे लांडगे खऱ्यासारखे वागत नाहीत. असे सांगूनसवरून केलेले खोटे मला चालते.

कोणी म्हणेल, एवढे मरण खेळात आणले तर मौज कोठे राहिली? दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरू लागतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. बाया डोळ्यांना पदर लावतात तोच विनोदी नट येतो, आणि त्याच बाया पोट धरून हसतात. म्हणून आधीचे मरण खोटे ठरत नाही. खेळ रचणाऱ्यांनी एकदा तिकीट काढून पहाटेपर्यंत बसावे. घोंगडी मात्र बरोबर आणावी. तेथली थंडी काट्यावरची नसते.