आडनावांतलें गांव

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं लग्नपत्रिकेचा मसुदा वाचला जात होता. वधूपक्षाचें आडनाव औरंगाबादकर. वाचणारे गृहस्थ तेथें थबकले, चष्मा कपाळावर चढविला आणि म्हणाले, “हें आतां बदलून घ्यावयास हवें. शहराचें नांव बदललें, मग आडनाव कां राहावें?” बैठकींतल्या दोघातिघांनीं माना डोलविल्या. मुलीचे वडील कांहींच बोलले नाहींत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचें आम्हांस वाईट वाटलें आणि माना डोलविणारांचा रागही आला. म्हणून हा लेखप्रपंच.

शहराच्या नांवाविषयीं आमचा वाद नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. १६१० मध्यें मलिक अंबरानें खडकी येथें शहर वसविलें. १६२६ मध्यें त्याचा पुत्र फत्तेखान यानें त्याला फत्तेनगर म्हटलें. १६५३ मध्यें दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबानें त्याला स्वतःचें नांव दिलें. तें २०२३ मध्यें जाऊन छत्रपति संभाजीनगर हें नांव आलें, आणि २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. ज्या राजाला औरंगजेबानें १६८९ मध्यें हालहाल करून मारिलें, त्याचें नांव औरंगजेबाच्या नांवाच्या जागीं यावें, यांतील भावना समजावयास पांडित्य लागत नाहीं. सुभेदारानें ठेविलेलें नांव सरकारनें बदललें. पण या घराण्याचें आडनाव कोणत्या सुभेदारानें ठेविलें होतें?

सारा घोटाळा एकाच शब्दाच्या दोन अर्थांचा आहे. ‘औरंगाबादकर पाण्यासाठीं हैराण’ असा मथळा वर्तमानपत्रांत येई, तेव्हां त्या शब्दाचा अर्थ त्या शहराचे रहिवासी एवढाच असे. तो शब्द शहराच्या नांवाबरोबर बदलला, हें योग्यच झालें. आडनावांतला औरंगाबादकर निराळा. तो बहुधा त्या शहराचा रहिवासी नसतोच! पैठणांत राहणाऱ्या शेजाऱ्याला पैठणकर म्हणून कोण हांक मारतो? तेथें तो जोशी असतो, कुळकर्णी असतो, पाटील असतो, नाहींतर आपल्या धंद्याच्या नांवानें ओळखला जातो. बिऱ्हाड उचलून तो नाशकास किंवा पुण्यास गेला, म्हणजे तेथले लोक त्याला ‘ते पैठणकर’ म्हणूं लागतात. हें नांव मागें राहिलेल्या गांवाचें, आणि ठेविलेलें परगांवच्या लोकांनीं.

शहराबाहेर सिल्लोडच्या वाटेवर फुलंब्री लागते. तेथें उतरून मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांचें घर विचारणाऱ्याची फजितीच व्हावयाची. ज्यांच्या चालींनीं गंधर्व नाटक मंडळीची नाटकें आणि ‘प्रभात’चे बोलपट गाजले, ते मास्तर १८९८ मध्यें आळंदीस जन्मले आणि नांवारूपास आले ते पुण्यांत. तरी फुलंब्री हें नांव मराठी मुलखांत कित्येकांच्या कानांवर गेलें तें त्यांच्याच आडनावामुळें. उद्यां त्या गांवाला कोणी दुसरें नांव दिलें, तर मास्तरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरचीं नांवें खरवडून काढावयाचीं काय?

शिवाय असें आडनाव ही तारीख घातलेली साक्ष असते. ज्या घराण्याला औरंगाबादकर म्हणतात, त्या घराण्यानें तें शहर सोडलें तें १६५३ नंतर, एवढें तर निश्चित झालें. आतां त्यांनीं संभाजीनगरकर व्हावें, म्हणजे ते २०२३ नंतर तेथून निघाले असें लिहून द्यावें! पणजोबांच्या स्थलांतराची अशी खोटी नोंद करून संभाजीमहाराजांचा गौरव कसा होतो, तें आम्हांस कळत नाहीं.

धाराशिवची गोष्ट तर अगदीं शेजारची. निजामाच्या अमलांत त्या गांवाला मीर उस्मान अली खानाच्या नांवावरून उस्मानाबाद म्हणूं लागले. पण धाराशिवकर आडनाव पुसलें गेलें नाहीं. राजवट गेली तरी तें टिकलें, आणि २०२३ मध्यें गांवालाच जुनें नांव परत मिळालें. धाराशिवकरांच्या या चिकाटीचें आपण कौतुक करतों, आणि औरंगाबादकरांना मात्र दरडावतों. (नगरकरांची सोय त्यांच्या पूर्वजांनींच करून ठेविली आहे. नगरापूर्वीं अहमद असो कीं अहिल्या, त्यांचें कांहीं अडत नाहीं.)

कोणी म्हणतील, त्या आडनावांत त्या बादशहाचें नांव सलतें, त्याचें काय? आमचें उत्तर असें, कीं आडनावांत बादशहा नाहीं, गांव आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्याचें आडनाव उत्तर इंग्लंडमधील डरॅम परगण्यांतल्या एका गांवावरून आलेलें. त्या पुरुषानें इंग्लंडच्या राजाशीं वर्षानुवर्षें युद्ध केलें. पण इंग्रजी गांवाचें आडनाव त्यानें टाकलें नाहीं, आणि त्याच्या देशबांधवांनीं तेंच आपल्या राजधानीला दिलें.

उलट बाजूचेही कांहीं अतिशहाणे आम्हांस भेटले आहेत. या आडनावाकडे बोट दाखवून ते म्हणतात, पाहा, खरें नांव हेंच! त्यांनाही आमचें सांगणें तेंच. दुसऱ्याच्या घरावरची पाटी उचलून तिचा झेंडा करूं नये. ज्याला आपलें आडनाव नकोसें झालें असेल त्यानें तें खुशाल बदलावें. राजपत्रांत तशी सोय आहे. मग शाळेचा दाखला, पदवीपत्र, सातबारा, पारपत्र यांच्यामागें वर्षभर हिंडण्याची हौसही त्याला असावी. पण हा विचार त्याच्या घरांत व्हावा, लग्नाच्या बैठकींत पाहुण्यांनीं करूं नये.

पत्रिका परवां आम्हांस पोंचली. वर आडनाव होतें तसेंच आहे, आणि खालीं कार्यालयाच्या पत्त्यांत छत्रपति संभाजीनगर असें स्वच्छ छापलें आहे. चष्म्याच्या गृहस्थांनाही एक गेली आहे म्हणतात.