गाण्याखालचं तिसरं नाव

ब्रिटिश गायिका आणि अभिनेत्री मेरिअन फेथफुल ३० जानेवारी २०२५ रोजी लंडनमध्ये वारली. वय ७८. मी वाचलेल्या तिच्या प्रत्येक मृत्युलेखात रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर होता. ती सोबत जेमतेम चार वर्षांची. त्यानंतर अर्धशतक ही बाई गात होती, लिहीत होती, रंगमंचावर उभी राहत होती. तरी ओळख करून द्यायची ती ‘जॅगरची मैत्रीण’ म्हणून. मला याचा मनापासून राग येतो.

सुरुवात दुसऱ्यांच्या शब्दांनी झाली, हे खरं. १९६४ मध्ये एका पार्टीत रोलिंग स्टोन्सचा मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅम याने १७ वर्षांच्या मेरिअनचा चेहरा पाहिला आणि तिला गायिका करायचं ठरवलं. जॅगर आणि कीथ रिचर्ड्सचं ‘अ‍ॅज टीअर्स गो बाय’ तिने कोवळ्या, स्वच्छ आवाजात गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेलं.

स्वतःचे शब्द आले ते ‘सिस्टर मॉर्फिन’मध्ये. अपघातानंतर इस्पितळात पडलेला एक माणूस नर्सकडे मॉर्फिन मागतो, एवढाच प्रसंग. १९६९ मध्ये तिची रेकॉर्ड निघाली आणि डेक्का कंपनीने ती थोड्याच दिवसांत बाजारातून काढून घेतली. १९७१ मध्ये तेच गाणं स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’ अल्बमवर आलं. त्या गाण्याखाली नावं दोनच होती, जॅगर आणि रिचर्ड्स. तिसरं नाव छापून यायला १९९४ साल उजाडलं. आपल्या ओळींवर आपलं नाव यावं म्हणून एका कवयित्रीला तेवीस वर्षं थांबावं लागलं. तिच्या प्रेमप्रकरणांवर जेवढी शाई खर्च झाली, तिचा थोडा तरी भाग या तेवीस वर्षांच्या वाट्याला यायला हवा होता.

अभिनय हा तिचा हौसेचा उद्योग नव्हता. १९६७ मध्ये रॉयल कोर्टच्या रंगमंचावर चेखवच्या ‘थ्री सिस्टर्स’मध्ये ग्लेंडा जॅक्सनसोबत ती इरिना झाली. १९६९ मध्ये टोनी रिचर्डसनच्या ‘हॅम्लेट’मध्ये निकोल विल्यमसनसमोर ऑफेलिया. सिनेमाला मात्र तिचं रूपच हवं होतं. ‘द गर्ल ऑन अ मोटरसायकल’ पाहताना ते फार खुपतं.

सत्तरच्या दशकात हेरॉइनने तिला गिळलं. मुलाचा ताबा गेला, घर गेलं, सोहोच्या रस्त्यावर दिवस काढावे लागले. आवाजही गेला, असंच म्हटलं असतं कोणी. पण १९७९ मध्ये ‘ब्रोकन इंग्लिश’ हा अल्बम आला तेव्हा त्यात जाड, चिरफाळलेला, खालच्या पट्टीतला एक नवाच आवाज होता. शीर्षकगीत तिने सहकाऱ्यांसोबत लिहिलं, ते जर्मनीतल्या सशस्त्र डाव्या गटाच्या उलरिके माइनहोफवरून सुचून. दुसऱ्याची नायिका होऊन गाण्याचे दिवस तिथे संपले.

मग ती नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइलकडे वळली, आणि मला वाटतं, तिथे तिच्यातली नटी आणि गायिका पहिल्यांदा एक झाली. वाइलच्या गाण्यांना गोड गळा पुरत नाही. पात्राने काय भोगलंय ते सुरात यावं लागतं. १९९१ मध्ये डब्लिनच्या गेट थिएटरमध्ये ‘थ्रीपेनी ऑपेरा’त तिने पायरेट जेनी केली. पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं तेच हे नाटक. पद ही केवळ गायची नव्हे, भूमिकेतून गायची गोष्ट आहे, हे नाट्यसंगीतावर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

साठीला पोचल्यावर, २००७ मध्ये, ‘इरिना पाम’ हा सिनेमा आला. त्यात ती आजारी नातवाच्या उपचारांसाठी सोहोतल्या सेक्स क्लबमध्ये काम धरणारी एक साधी विधवा आजी झाली. कुठे भडकपणा नाही, कुठे कीव मागणं नाही. ती फक्त पाकीट उचलून घरी जाते. युरोपियन फिल्म अवॉर्डसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तिचं नामांकन झालं. हा चित्रपट आपल्याकडे फार कमी लोकांनी पाहिलाय.

‘अ‍ॅज टीअर्स गो बाय’ तिने १९८७ मध्ये ‘स्ट्रेंज वेदर’ अल्बमसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. वाचकहो, आधी १९६४ चं ऐका, लगेच हे ऐका. शब्द तेच, चाल तीच. दुसऱ्या वेळचं गाणं तिचं आहे.